मनात मोजणारी

गणित कट्टा, घरचिठ्ठी
७ डिसेंबर २०२४

आकांक्षाताई,

नमस्कार. मी अंबरीन. दर शनिवारी हाशिम सर आणि मी जालन्याहून तुमच्या शाळेत गणित कट्टा घ्यायला येतो. खडे, काड्या, पत्ते, कोडी. परीक्षा नाही, मार्क नाहीत. आमची एकच रीत आहे. शनिवारी पोराच्या दप्तरातून घरी चिठ्ठी जाते, आणि पोर घरी काय खेळलं ते घरच्या कुणीतरी चार ओळींत लिहून शाळेतल्या कट्ट्याच्या डब्यात टाकायचं. अर्पिताच्या घरून अजून एकही चिठ्ठी आली नाही, म्हणून तुमच्या नावाने लिहिते.

आज सरांनी विचारलं, पाच मैत्रिणी आहेत, प्रत्येकीने प्रत्येकीला एकदा टाळी द्यायची, तर टाळ्या किती? पोरं ओरडायला लागली, पंचवीस, वीस. अर्पिता गप्प. नजर एका जागी, ओठ हलतायत, बोटं फ्रॉकच्या काठावर चाळवतायत. थोड्या वेळाने म्हणाली, दहा. सर म्हणाले, एवढा वेळ काय करत होतीस? तर म्हणते, "मनात मोजत होते."

तिसरीतली पोर! सर अंबड येईपर्यंत तेच बोलत होते. १८ जानेवारीला जालन्यात आमची गणित जत्रा आहे. अर्पिताला स्टेजवर बसवायचं सरांच्या मनात आहे. लोक कोडी घालतील, ती मनात मोजून उत्तर देईल. तुमचा होकार कळवा.

अंबरीन


८ डिसेंबर

अंबरीन मॅडम,

नमस्कार. म्या सातवीपर्यंत शिकलेली. लिहायची सवय मोडली. चुकलं तर पोरांम्होरं वाचू नका.

तुमची चिठ्ठी अर्पितानं घरात मोठ्यानं वाचून दाखवली. माह्या सासूबाई, गोजरबाई, म्या त्याह्यला आत्याबाई म्हनते, त्याह्यनी लगेच तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला आन गल्लीत सांगत सुटल्या, "नातीला जालन्यात बोलवून राह्यले. माह्यावर गेली पोरगी." आत्याबाईला शंभराच्या पुढं मोजता येत न्हाई, पण ते जाऊ द्या. अर्पिताचे पप्पा अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस आनायच्या ट्रॅक्टरवर हायेत. घरी आले तवा त्याह्यला बी सांगितलं. ते हसले. लई दिवसानं हसले.

पण मॅडम, पोरीला स्टेजवर बसवू नका. ती भित्री हाय. गर्दीत तिला काय सुचत न्हाई. यष्टी बी लागती. आन नजर लागती पोरीला. तुमच्यात मानतेत का न्हाई ठावं न्हाई, आमच्यात मानतेत. ती मनात मोजती ते बराबर हाय. लहानपणापासून मोजती. त्यात काय नवल न्हाई. दुसरं चांगलं पोरगं पाहा.

घरात न्हाई म्हनायची माही हिंमत न्हाई. तुमीच कायतरी सांगून तिचं नाव काढा.

आन एक. ह्याच्यापुढं चिठ्ठी शितानं चिकटवून देत जा. पोरीला वाचता येतं. फोन करू नका, तो अर्पिताच्या पप्पाजवळ असतो.

आकांक्षा


१४ डिसेंबर

आकांक्षाताई,

बघा, डब्यातल्या भाताचं शीत लावूनच चिकटवली आहे. हाशिम सर म्हणाले, "हे काय, लग्नाचा निरोप आहे का?"

तुमची भीती मला कळते. जालन्यात मस्तगडला आमचं दोन खोल्यांचं घर. दहावीत असताना याच सरांनी मला औरंगाबादला स्पर्धेला नेतो म्हटलं तर माझी अम्मी रडली होती. "लडकी को सब देखेंगे," म्हणाली. मी गेले. नंबर आला नाही, पण माझी भीड तिथेच गेली. अर्पिताचंही तसंच होईल. मी तिच्या बाजूला बसेन, बिलकुल काळजी करू नका.

आज पण तिचं तसंच झालं. मधेच थांबली आणि मनात मोजायला लागली. सरांनी त्यांच्या फोनवर व्हिडिओ घेतला. जालन्यातल्या आमच्या बाकीच्या शिक्षकांना दाखवायचाय, पोर विचार करताना कसं दिसतं ते.

अंबरीन


१५ डिसेंबर

मॅडम,

व्हिडिओ कुणाकुणाला दाखवला? हात जोडते, जल्दी पुसून टाकायला लावा. कारखान्यावर कुणाच्या फोनात आला तर माहं काय व्हईल ते तुमाला ठावं न्हाई.

त्याच्यात पोरीचे डोळे कसे दिसतेत? वर जातेत का? किती येळ तशी ऱ्हायली? पडली तर न्हाई ना? तुमी हाक मारली व्हती का, आन तिनं ओ दिला का? एवढं मला बराबर लिहून कळवा. आन तिला वट्ट्याच्या काठाला बसवू नका, भिंतीकडनं बसवा.

कुणाला म्हनू नका म्या इचारलं म्हून.

आकांक्षा


२१ डिसेंबर

आकांक्षाताई,

सरांनी तो अजून कुणालाच पाठवलेला नाही, मी थांबवलंय. तुमची चिठ्ठी वाचून मी तो व्हिडिओ परत पाहिला. आधी फक्त अर्पिताचा चेहरा पाहत होते, या वेळी आवाज ऐकला. त्यात माझाच आवाज आहे. "अर्पिता. ए अर्पिता." शेजारची पोरगी तिला कोपराने ढोसते. तिला काहीच कळत नाही. आणि त्या वेळी सरांनी कोडं घातलेलंच नव्हतं, ते खडे वाटत होते. मग ती मोजत काय होती?

एक विचारते, रागावू नका. घरी तिला काम जास्त पडतं का? झोप पुरते का? पाणी भरणं, धाकट्या भावाला सांभाळणं? पोरं थकली की अशी बसल्या जागी हरवतात. कुणी मारतं का तिला? मला सांगा. मी ही गोष्ट शाळेतसुद्धा काढणार नाही.

अंबरीन


२२ डिसेंबर

मॅडम,

माह्या पोरीला कुणी मारत न्हाई. कामाला लावत न्हाई. आत्याबाई तिच्या ताटात आधी तूप वाढतेत. आमी गरीब असू पण तसले न्हाई.

अर्पिता आता कट्ट्यात येनार न्हाई. चिठ्ठी पाठवू नका.


६ जानेवारी २०२५

अंबरीन मॅडम,

ही चिठ्ठी अर्पिताच्या दप्तरात दिली न्हाई. वर्गातल्या बाई रोज जालन्याहून येतेत, त्याह्यच्या हातात बंद करून दिली, त्या तुमाला पोचवतील. अक्षर लागलं न्हाई तर दोनदा वाचा.

काल आमी कारखान्याच्या रोडनं दुकानाला चालल्तो. सध्याला गाळप जोरात हाय, दोन दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर येतेत. म्या धाकट्याला कडंवर घेतलेलं. अर्पिता दोन पावलं पुढं. म्या म्हनलं थांब, हात धर. ती रोडच्या मधी गेली आन उभी ऱ्हायली. ऊन पाहत असल्यासारखी, तोंड वर. ट्रॅक्टर येऊन राह्यला, टेप मोठ्यानं चालू, हारन वाजवून राह्यला, आन ही जागची हालंना. म्या वरडले. धाकट्याला तिथंच मातीत टाकलं आन पळाले. मला वाटलं म्या पोचतच न्हाई.

ट्रॅक्टर आमच्या गावच्या तातेरावचा व्हता. त्याह्यनी बिरेक मारला तर मागची ट्रॉली आडवी झाली, ऊस रोडवर पडला. पुढचं चाक पोरीपसून एवढ्यावर, म्या हात घातला तर हाताला टायर लागला. तातेराव उतरून बोंबलले, "बहिरी हाय का गं?" तवा ती जागी झाली. आजूबाजूला पाहिलं. आन त्या चाकापशी उभी ऱ्हाऊन माही पोरगी म्हनली, "मनात मोजत व्हते, काका."

मॅडम, ते म्या शिकवलेलं हाय. कुणी इचारलं काहून थांबली, तर असं म्हनायचं. तिला कायबी ठावं न्हाई. तिला वाटतं समद्यांचंच असं व्हत असंल. तातेराव हसले, लोकं जमले तेबी हसले. "सोमेश्वरची पोरगी हुशार हाय, माह्या ट्रॉलीतला ऊस मोजून राह्यली व्हती." म्या बी हसले. हसता हसता पोरीचा दंड असा धरला की अजून वळ हाय.

आता खरं सांगते. माहा भाऊ मच्छिंद्र. त्याला फिट यायची. त्याची मोठी यायची, पडायचा, तोंडाला फेस. लोकं त्याला चप्पल हुंगवायचे. सोळा वर्साचा असताना शेततळ्यात गेला. पाय घसरला म्हून सांगितलं समद्यांना. माहं लगन ठरायचं व्हतं. इकडं कुणाला ठावं न्हाई.

अर्पिताचं तसं न्हाई, ही पडत न्हाई. नुसती इझती आन परत लागती, लाईट गेल्यासारखी. मागच्या पावसाळ्यापसून पाहून राह्यले. आधी कवा तरी व्हायचं, आता रोज व्हतं. चुलीपशी असली की माहा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. पण घरात कळलं तर म्हनतील तुह्या माहेरचं रगत हाय. मला माहेरी धाडतील आन पोरीला ठिवून घेतील. न्हाई तर दोघींना धाडतील. आन तिकडं तिला चप्पल हुंगवतील.

तुमी हुशार म्हनले तवा मला वाटलं चला, देवानं झाकायला फडकं दिलं. म्हून गप बसले. आता काय करू ते सांगा. मला भ्याव वाटून राह्यलं.

आकांक्षा


८ जानेवारी

आकांक्षाताई,

बाईंकडेच ही चिठ्ठी देते.

मी रागावले नाही. मी पण घाबरले आहे, म्हणून आधी कामाचं लिहिते. तिला एकटीला रस्त्यावर, चुलीपाशी, पाण्यापाशी सोडू नका. थांबली की मारू नका, हलवू नका, फक्त जवळ राहा. काही हुंगवू नका. हे मी जालन्यातल्या पोरांच्या डॉक्टरांना विचारून लिहिते. नाव घेतलं नाही, फक्त व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, पोरीला घेऊन या, मी पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही. पण एवढं म्हणाले की व्हिडिओ पुसू नका, तोच सगळ्यात कामाचा आहे.

हाशिम सरांना मला सांगावं लागलं. ते उठून गॅलरीत गेले. आले ते म्हणाले, "पोरगी गप्प बसली, ओठ हलले, की आपल्याला वाटतं गणितच चाललंय. आपल्याला दुसरं काही दिसतच नाही." वीस वर्षं ते पोरांत गणिती डोकी शोधतायत, ताई. जे शोधत होते तेच त्यांना दिसलं. मलाही.

तुम्हाला घरातून निघायला कारण हवं ना? जत्रा आहे की. १८ तारखेला जत्रेला म्हणून निघा. अर्पिता स्टेजवर बसणार नाही, हा सरांचा शब्द. दुपारी मी तुम्हा दोघींना दवाखान्यात नेते. कुणाला काही सांगावं लागणार नाही.

अंबरीन


१२ जानेवारी

मॅडम,

घोटाळा झाला. अर्पिताच्या पप्पांनी सुट्टी टाकली. गाळपात कुणी सुट्टी देत न्हाई, तर मुकादमाशी भांडून घेतली. "माही पोरगी स्टेजवर बसनार आन म्या ट्रॅक्टरवर बसू का?" नवा सदरा काढून ठिवला. आत्याबाई बी येते म्हनत व्हत्या, त्याह्यचे गुडघे दुखून राह्यले म्हून वाचले.

आता कसं करू? आजारी हाय म्हून जत्राच मोडू का? मोडली तर परत जालन्याला जायला कारन न्हाई. आन गेले तर समदं त्याह्यच्या डोळ्याम्होरं.

काल त्याह्यनी तिला मांडीवर घेऊन इचारलं, "मनात मोजती म्हंजी कसं गं?" ती माह्याकडं पाहून राह्यली.

म्या येते. पुढचं अल्ला म्हना का देव म्हना, त्याच्यावर.

आकांक्षा


२३ जानेवारी

अंबरीन मॅडम,

तुमी व्हत्या म्हून समदं पाहिलंच तुमी. पण दवाखान्याच्या आत तुमी न्हवत्या, आन यष्टीत न्हवत्या, ते सांगते.

जत्रेत हे सारखं इचारत व्हते, "स्टेजवर कवा?" हाशिम सर आले आन म्हनले, "सोमेश्वरभाऊ, चूक माही झाली. चला, चहा घेऊ." सरांनी काय सांगितलं ते मला ठावं न्हाई. परत आले तवा ह्याह्यचं तोंड उतरलेलं. "दवाखाना कुठं हाय?" एवढंच म्हनले. माह्याकडं पाहिलं न्हाई.

डाक्टरांनी आधी तुमचा व्हिडिओ पाहिला. मंग टेबलावरची कागदाची भिंगरी अर्पिताच्या हातात दिली. म्हनले, जोरात फुकत ऱ्हा, थांबू नको, भिंगरी फिरली पायजे. पोरीला मौज वाटली. फुकून फुकून गाल लाल झाले. हे हसून राह्यले. आन मंग तिचं फुकनं थांबलं. डोळे वर. ओठ हलून राह्यले. भिंगरी आपली हळूहळू फिरत फिरत थांबली. हे उठले, "अर्पे! अर्पे!" डाक्टरांनी हात आडवा घातला. "थांबा. जोरात फुंकलं की हे होतं, तेच पाहायचं होतं. येईल ती."

आली. आन काय झालंच न्हाई अशी परत फुकायला लागली.

डाक्टर म्हनले, "बाळ, आत्ता काय झालं?" तिनं माह्याकडं पाहिलं. म्या मान हलवली, न्हाई म्हून. मंग ती म्हनली, "मला ठावं न्हाई."

मॅडम, तवा म्या रडले. भिंगरीला न्हाई रडले, डोक्याला वायरी लावून तपासलं तवा न्हाई रडले. ती ठावं न्हाई म्हनली तवा रडले.

डाक्टर म्हनले फिटचाच प्रकार हाय, पण मच्छिंद्रसारखा न्हाई. गोळी रोज द्यायची. एक बी दिवस चुकवायची न्हाई, आपल्या मनानं बंद करायची न्हाई. बऱ्याच पोरांचं मोठेपनी जातं म्हनले. समद्यांचंच जातं असं म्हनले न्हाईत, म्या मुद्दाम इचारलं.

यष्टीत हे म्हनले, "तातेरावच्या जागी म्या असतो तर? टेप तर माह्या बी ट्रॅक्टरवर चालूच असतो."

मंग म्हनले, "मच्छिंद्रचं लगनाच्या टायमाला काहून सांगितलं न्हाई?" म्या म्हनलं, "सांगितलं असतं तर तुमी लगन केलं असतं का?" "न्हाई," म्हनले. खोटं बोलले न्हाईत. अंबडला गाडी थांबली तवा उतरले. मला वाटलं आता आपल्याला सोडून चालले. तर शेंगदाणे घेऊन आले. एक पुडी पोरीला, एक मला. एवढंच.

घरी आत्याबाईला सांगितलं, गणितवाल्यांनी डोक्याला ताकदीची गोळी दिली. परत खोटंच. ह्या वक्ताला ते बोलले, म्या न्हाई.

पण खोटं दोन दिवस बी टिकलं न्हाई. गोळीचा गुन यायला येळ लागतो म्हून डाक्टरांनी सांगितलंच व्हतं. अर्पिता आत्याबाईंच्या ताटात भाकर वाढता वाढता तशी झाली. भाकर हातातच. त्याह्यनी हाक मारली, परत मारली, आन मंग दारातली चप्पल उचलून तिच्या नाकाला लावायला धावल्या. म्या मधी गेले. त्याह्यचं मनगट धरलं. सासूचं मनगट धरलं मॅडम. म्हनलं, "आत्याबाई, चप्पल खाली ठिवा. ती येती आपली आपण." पोरगी आली, भाकर वाढली, पुढं गेली.

आत्याबाई म्हनल्या, "म्हंजी तुला ठावं व्हतं." म्या हो म्हनलं. "आन म्या गावभर सांगत सुटले व्हते माह्यावर गेली म्हून." तेव्हापसून माह्याशी बोलत न्हाईत. पण दिवा लागला की भिंतीकडं तोंड करून इचारतेत, "गोळी दिली का कुणी पोरीला?" म्या बी भिंतीलाच सांगते, "दिली."

मला काढून देतेत का ठिवतेत, अजून ठावं न्हाई. भ्याव गेलं न्हाई. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच येतं.

एक इचारायचं राह्यलं. अर्पिता काल म्हनली, "आई, आता कुणी इचारलं तर काय सांगू?" म्या म्हनलं, खरं सांग, मला थोडा येळ कळत न्हाई, गोळी चालू हाय. ती म्हनली, "मंग हाशिम सर मला कट्ट्यात घेतील का? मोजत न्हवते ना म्या." ह्याचं उत्तर तुमी द्या.

आकांक्षा


१ फेब्रुवारी

आकांक्षाताई,

उत्तर सरांनीच दिलं.

आज तिला आणायला सर स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत गेले. तिला भिंतीकडून बसवलं, शेजारी मी. मग सरांनी नवं कोडं घातलं. सहा मैत्रिणी, प्रत्येकीने प्रत्येकीला टाळी, तर टाळ्या किती? अर्पिता लगेच ओरडली, "बारा!" सर म्हणाले, चूक. ती म्हणाली, "चूक कशी? पाचीच्या दहा, मग एक मैत्रीण वाढली, तिच्या दोन हातांच्या दोन." सर म्हणाले, दोन हातांनी भागेल का गं तिचं? तर म्हणते, "भागतं!" सगळा तास ती सरांशी भांडली. शेवटी सहा पोरी उभ्या करून टाळ्या वाजवून पाहिल्या, पंधरा निघाल्या. तेव्हा म्हणाली, "ह्या नीट वाजवून नाही राहिल्या."

तासात एकदा ती थांबली. थोडीच. पोरींनी पाहिलं, थांबल्या, मग खेळ पुढे गेला.

परतताना सर अंबडपर्यंत पुन्हा तिचंच बोलत होते. "काय भांडते!" म्हणाले.

अंबरीन


२ फेब्रुवारी

अंबरीन मॅडम,

तुमची चिठ्ठी अर्पितानंच फोडली आन चुलीपशी मोठ्यानं वाचली. ती वाचत व्हती तवा म्या तिच्या आन जाळाच्या मधी बसलेली. "ह्या नीट वाजवून नाही राहिल्या" तिथं हे हसले. आत्याबाई भिंतीला म्हनल्या, "भांडती कुणावर गेली ते आता सांगू का गावात?"

घरी खेळली ते लिहायचं असतं ना. पप्पाला, आजीला, धाकट्याला, मला आन शेजारच्या दोघींना टाळ्या द्यायला लावल्या. आत्याबाईनं मला टाळी दिली. डावात व्हती म्हून दिली, पण दिली.

पंधराच निघाल्या. पोरगी अजून बाराच म्हनती.

ही चिठ्ठी चिकटवली न्हाई.

आकांक्षा